तिसरी प्रत

गॅलरीखालच्या खोलीत एक लोखंडी कपाट.
किल्ली सुतळीला, सुतळी खिळ्याला.
मी मानद सचिव झालो
म्हणजे एवढंच झालं, कपाट माझ्याकडे आलं.

आत ठाणे जिल्हा, साल बासष्टपासून,
मोरेश्वर टिपणीसांनी दोन बोटांनी टाइप केलेला.
मूळ प्रत वर, दुसरी राज्याला,
तिसरी आपल्याला,
जिच्यात 'क'चा 'व' होतो आणि आकडे
कागद तिरका धरल्याशिवाय दिसत नाहीत.

दिल्लीचा इतिहास मात्र गुळगुळीत कागदावर.
पाच कड्या, रंगीत.
पुण्याच्या मैदानात अनवाणी पळणारी पोरं
एका शेठनं पाहिली, खिशात हात घातला,
वीस साली अँटवर्पला पथक गेलं,
सत्तावीस साली संस्था झाली.
अनवाणी पाय पहिल्याच पानावर आहेत.
पुढच्या पानांवर सगळे ब्लेझर घालून
खुर्च्यांवर बसलेत.
मग गट, कोर्टाच्या तारखा,
आणि एका फेब्रुवारीत, बर्फाच्या खेळांत,
आपली तीन पोरं संचलनात चालली
आपल्या झेंड्याशिवाय,
वडीलधाऱ्यांच्या निवडणुकीचं निस्तरलं नव्हतं म्हणून.

आमचं काम साधं. नाव पाठवणं.
नाव जिन्यानं वर जातं.
नकार लिफ्टनं खाली येतो.

परवा चेंदणीहून हिरूबाई नाखवा आल्या.
नातीला नोकरीच्या अर्जासाठी दाखला हवा होता,
खेळाडूंच्या कोट्यातला. नात बाहेर
गॅलरीच्या पायऱ्या मोजत होती, दोन-दोन.
मी म्हणालो, बसा.
आडनाव बघून मी चौऱ्याहत्तरची फाइल काढली.

सेंट्रल मैदान. चुन्याच्या रेषा.
महिला, आठशे मीटर. नाखवा हिरा धर्मा.
पतियाळाच्या शिबिरासाठी हवे होते दोन मिनिटं सोळा.
तिचे लागले दोन सोळा पूर्णांक तीन.

त्याखाली टाचणीला अजून एक कागद, टिपणीसांचा,
राज्याला बगल देऊन थेट दिल्लीला:
'सदर वेळ माझ्या हातातील घड्याळाची आहे.
घड्याळ थांबविण्यास माझ्याकडून विलंब झाला.
शेवटच्या वळणावर कुमारी नाखवा पुढे आली
त्या वेळी मी टाळ्या वाजवीत होतो.
चूक सर्वस्वी माझी आहे. खेळाडूस शिक्षा नसावी.'

उत्तर एका ओळीचं, कड्यांच्या खाली:
'पत्रव्यवहार योग्य मार्गाने करावा.'

योग्य मार्गाने तो केलाही त्यांनी.
सात पत्रं आहेत. सातवं पंचाहत्तरच्या दिवाळीतलं.
तोवर शिबिर संपलं होतं,
आणि लग्नपत्रिका फाइलला लावलेली आहे,
हळदीचं बोट लागलेली.

मी वाचून दाखवलं. थांबत थांबत,
कारण अक्षरं पुसट,
आणि खरं तर दुसऱ्याही एका कारणानं.

हिरूबाई हसल्या. पदराला हात पुसले,
हात कोरडेच होते.
'मना म्हायती व्हता रं,
मास्तर टाल्या वाजवीत व्हते ते.
मी धावताना बगितला ना त्यांना.
मैदानात तेवढीच एक टाली व्हती.'

मग विचारलं, शिक्क्याची शाई ताजी आहे ना,
मागच्या वेळी ऑफिसातल्या साहेबानं
पुसट म्हणून परत पाठवलं.

मी शिक्का दोनदा दाबला.
दाखल्याची आमची प्रत काढायला
हल्ली कार्बन लागत नाही,
तरी मी टिपणीसांचा निळा कागद शोधत राहिलो,
मिळाला, वापरून वापरून चाळणी झालेला.

आज रविवार. जिल्हा निवड चाचणी.
इलेक्ट्रॉनिक यंत्र भाड्यानं आणलंय,
पहिल्या शर्यतीलाच बंद पडलं.
आठशे मीटर, मुली. चौथ्या लेनमध्ये नाखवा.
शेवटचं वळण.
घड्याळ माझ्या उजव्या हातात.
डावा हात
मी खिशात घट्ट धरून ठेवलाय.