एकक

फळ्यावर पहिलं गणित माझंच होतं.
घोटवडेकर बाई म्हणाल्या, बोडके, तुमच्या आठवड्याच्या खेपा सांगा.
सांगितल्या, सोमवारपासून:
सात, पाच, आठ, मग सात, आठ, सात.
बेरीज बेचाळीस. सहानं भागलं. सरासरी सात.
मी खडू ठेवून हात झटकले.

गुरुवार कुठं गेला?

गुरुवारी पाणी बंद असतं, बाई. अख्ख्या पुण्याला माहीत आहे.
बंद असलं तरी वार असतोच की, म्हणाल्या,
आणि पाच-आठच्या पुढं एक शून्य काढलं,
भाकरीएवढं.
आता सातानं भागा.
आले सहा.
सहा खेपा मी एकाही दिवशी केल्या नव्हत्या,
पण वहीत माझ्या नावापुढं सहाच राहिले.

नाना पेठेतली रात्रशाळा ही. नवाच्या तासाला
मुमताज शिकलगार पोराला बाकावर निजवते
आणि पायची किंमत तळहातावर लिहून घेते;
सकाळी भांड्यांबरोबर निघून जाते ती.
मी एकेचाळीसचा. सतरा नंबरचा फॉर्म भरायला गेलो
तेव्हा खिडकीतला म्हणाला, मुलाला आणलं नाही का?

एकदा लाइट गेली. बाईंनी सगळ्यांना गच्चीवर नेलं.
हे परीक्षेत नाही, म्हणाल्या, तरी बघून ठेवा.
उत्तरेकडं तोंड करा. आता घड्याळाच्या काट्यासारखे वळा,
थांबू नका, पर्वती मागं टाका, अजून थोडं...
तो लाल दिवा. सिंहगडाचा टॉवर.
दोनशे सोळा अंश, साधारण.
आणि तिथून कुणी आपल्याकडं बघितलं तर?
कुणीच बोललं नाही.
एकशे ऐंशी वजा करा. छत्तीस.
मी अंधारात बराच वेळ त्या छत्तीसमध्ये उभा होतो.
तिकडून बघणाऱ्याला मी दिसलो असतो का,
का नुसतीच पेठ?

मग घनफळ आलं.
पुस्तकातली टाकी गोल, चकचकीत, कुठंच न गळणारी.
माझीही गोल आहे. पाठीवर पिवळ्या रंगात: १०,००० लि.
अकरा वर्षं पद्मावतीला भरतोय, उंड्रीला रिती करतोय,
टेप कधी लावला नव्हता.
त्या गुरुवारी लावला.
त्रिज्या चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. लांबी सव्वाचार मीटर.
टायरवर बसून, वही मांडीवर.
चौऱ्याऐंशीचा वर्ग, बावीस सप्तमांश, सात कापला गेला
इतक्या सरळ की मला संशय आला.
नऊ हजार चारशे चोवीस, पॉइंट आठ.

पुन्हा केलं.
पुन्हा तेच.

पाचशे पंचाहत्तर लिटर, जे कधी भरलंच नाही
आणि रोज विकलं.
गुणिले बेचाळीस: आठवड्याला चोवीस हजार.
हिशेब माझाच होता, ट्रक मालकाचा,
रंग कुठल्या पेंटरनं दिला देव जाणे.
मालकाला फोन लावला. तो म्हणाला,
बोडके, दहावी पास व्हायचंय ना तुला?
मग पेपरात लिही हे.

पेपरात लिहिलंच. चाचणीत टाकीचं गणित आलं होतं,
रीत बरोबर, उत्तर बरोबर, तरी अर्धा गुण गेला.
कडेला लाल शाईत: एकक?
नुसता आकडा म्हणजे काय, बाई वैतागल्या,
हत्ती की रुपये? लिहायला नको?

शुक्रवारी सकाळी उंड्री, सी विंगच्या मागची टाकी.
पाइप जोडला. सेक्रेटरी बाई पावतीपुस्तक घेऊन आल्या,
गाऊनवर ओढणी, केस ओले नाहीत: त्यांच्याकडंही काल गुरुवार होता.
दहा हजार ना? म्हणत लिहायलाही लागल्या.
मी म्हटलं, नऊ हजार चारशे चोवीस.

त्यांनी पेन थांबवलं.
काय?

पाइपातून पाणी पडत होतं, आवाज मोठा.
मला वाटलं, अर्धा गुण
पुन्हा कशाला घालवायचा.

लिटर, म्हटलं.