मुहर्रक, दुपारी पाऊण

धक्क्यावर सगळ्यांचे फोन आंधळे झालेत.
राजापूरचा इम्तियाज उन्हाला पाठ देऊन,
ओंजळीच्या सावलीत कंटेनरचा नंबर शोधतोय.

माझ्या हातातला नमुन्याचा पडदा मात्र
ऊन चढेल तसा उजळतो.
पोटात दिवा नाही.
फुलपाखराच्या पंखात असते तशी
नुसती एक फट,
केसाहून कितीतरी बारीक.
ऊन आत जातं, निळं होऊन परततं.

"रंग कुठला भरलाय?" बू-ईसांनी विचारलं.
त्यांचे वडील मोत्यांसाठी बुड्या मारायचे.
रंग नाहीच, म्हटलं.
पावत्यांवर ठेवलेला शिंपला त्यांनी उचलला,
उन्हात तिरका धरला.
"ह्यातही नाही."

रात्री खोलीवर चार्जर लागला नाही.
दिवा लावावा लागला,
घरचं पत्र वाचायला.