भाग दोन

पहिला भाग निपाणीला लागला तेव्हा
चौथं रीळ संकेश्वरहून निघालं
आणि तवंदी घाटात सायकल पंक्चर.
बाई विहिरीवर वाकलेली, नि पुढं पडदा काळा.
बाळगोंडा ऑपरेटरनं दिवे लावलेच नाहीत.
वीस मिनिटं.
वखारीतनं सुटून तशाच आलेल्या आम्ही,
लुगड्यांना तंबाखूची खकाणी.
कुणाला तरी शिंक आली
तर अख्खं थेटर किंचाळलं.

मग एकदम पाचवं रीळ :
बाई घरात, केस ओले.
चाळीस वर्षं झाली,
मी आडात वाकून बघत नाही.

काल बेळगावात दुसरा भाग.
गारेगार खुर्ची, खाली कन्नड अक्षरं.
त्यांनी विहीर दाखवली, तळ दाखवला,
तळाशी ती,
तिचं बालपण, तिची सासू,
दात मोजून घ्यावेत इतक्या जवळून.
बिचारी.
मला वाटलं, हिला दोन घास घालावेत.

"पहिला मोबाईलवर हाय की, आज्जी," नातू म्हणाला,
"चौथ्या रिळासकट. लावू?"

नको म्हटलं.
पाणी प्यायला उठले,
आणि घागरीत न बघताच
तांब्या बुडवला.