चूकभूल

मर्टल ऑल्डरॉइड गेली, हे कळलं तेव्हा
मी कांद्याच्या वाफ्यात उकिडवा बसलो होतो.
आमच्याच पेपरानं तिला चौदा ओळींत आटपलं :
बातमीदार. अकरा कादंबऱ्या. अविवाहित.

मी खिळे जुळवणारा.
तिचा मजकूर एकोणीस वर्षं उलटा वाचला,
शिशानं काळ्या झालेल्या बोटांनी.
दिवसा ती ग्रिम्झबीच्या धक्क्यावर
कॉडच्या पेट्या किती, हॅडकचा भाव काय,
एवढंच लिहायची.
विशेषण सापडलं तर स्वतःच काढायची,
तांदळातला खडा वेचावा तसं.
वेचलेलं सगळं रात्री घरी नेत असावी.

चोपन्नच्या जानेवारीत 'नॉर्थ लार्क' बुडाली.
वीस माणसं.
मर्टलला दारोदार पाठवलं, फोटो मागायला.
डोरीन स्केल्टननं शेगडीवरच्या फळीवरून
नवऱ्याचा फोटो उतरवला,
काच ॲप्रनला पुसली,
विचारलं, "परत मिळेल ना?"

मिळाला नाही.
तीन वर्षांनी कादंबरी आली.
तिच्यात एक खलाशी, कान मोठे,
बिनसाखरेचा चहा पिणारा.
लंडनवाल्यांनी फार वाखाणली म्हणे.

डोरीन ऑफिसात आली. कोट ओला, पुस्तक काखेत.
मला वाटलं, आता थोबाडीत देणार.
ती म्हणाली,
"लेन तीन चमचे घ्यायचा."
आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी मर्टलनं एक चिटोरं आणलं,
'चूकभूल' सदरासाठी :
पान एकशे बारा. साखर, तीन चमचे. दिलगीर आहे.
बार्नाबीसाहेब म्हणाले, कादंबरीतली चूक
पेपरात दुरुस्त करतं का कुणी?
आणि चिटोरं टेबलावरच्या सुळ्यात खुपसलं.

रात्रपाळीला मी ते काढलं.
मधोमध भोक पडलं होतं, नेमकं 'दिलगीर'वर.
भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली
दोन बोटं जागा उरली होती.
जुळवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत.
माझा अर्ध्या आठवड्याचा पगार कापला.
मर्टल काही बोलली नाही.
फक्त त्यानंतर तिचा मजकूर
स्वच्छ अक्षरात येऊ लागला.

डोरीननं वाचलं का, माहीत नाही.
फोटो परत गेला का, तेही.

आज त्या चौदा ओळी पुन्हा वाचल्या,
या खेपेला सुलट्या.
चूक अशी एकही नाही.
साखरेचं काही नाही.