चढून आलेलं पाणी

सासरे एकतीस वर्षं जलूदच्या पंपावर होते.
रिटायर झाले तेव्हा अर्धे कान तिथेच राहिले.
तरी वरच्या मजल्यावरचा नळ
जरा सैल राहिला, की झोपेतून उठून बसतात.
"मोटर चालू आहे," म्हणतात.
मोटर बंद असते.
मी दोनदा जाऊन पाहिलेलं असतं.

पण त्यांना घरातली मोटर म्हणायची नसते.
त्यांची मोटर तिकडे, घाटाखाली,
रात्रंदिवस नर्मदेला खांद्यावर घेऊन
माळव्याचं पठार चढणारी.
"पाणी उताराला धावतं ते पुस्तकात," ते म्हणतात,
"इंदूरला जिना चढून येतं.
पायरी-पायरीला वीज खातं."

आमच्या सुदामा नगरात नळ एक दिवसाआड,
पहाटे पावणेसहाला.
आधी खोकतो, मग नुसती हवा, मग येतं.
आणि नवं आलं की परवाचं शिळं.
लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी
हंडा, कळशी, दोन पिंपं
मोरीत पालथी केली,
आणि मी, देवासची मुलगी, ओरडलेच.
नव्या नवरीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

देवासला आमच्या लहानपणी पाणी रेल्वेनं आलं होतं.
मी आकडे वाघिणींवर शिकले.
एका बादलीत आम्ही तिघी बहिणी,
तेच पाणी मग फरशीला, फरशीचं संडासाला.
शिळी आमच्याकडे पोळी असायची.
पाणी नाही.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी जेवताना,
ताटाकडे बघत विचारलं,
"वाघिणी किती असायच्या?"

तेव्हापासून आमचा दोघांचा हिशेब एका वहीत.
डाळ रात्रीच भिजते.
दोन शिट्ट्या, गॅस बंद, उरलेलं काम वाफेचं.
(सासूबाई सुरुवातीला कुकरला कान लावून बसायच्या,
आत कुणी अडकल्यासारखं.)
तांदळाचं धुवण कढीलिंबाला.
सिलिंडर पस्तिसाव्या दिवशी संपायचा,
या खेपेला त्रेचाळीस.
सासरे म्हणाले, "ठीक."
त्यांच्या तोंडचं ठीक मी सणासारखं साजरं करते.

सगळं काही जमतं असं नाही.
हृषीकेश गीझर लावतो आणि विसरतो,
मग आठवून धावतो, टॉवेलवर.
मे महिन्यात मुलीला ताप होता
तेव्हा एसी रात्रभर चालला,
मी बंद करायला उठले
तर सासऱ्यांनीच हात धरला.
वहीत त्या रात्रीपुढे त्यांनी
युनिटांचा आकडा लिहिला नाही.
ताप लिहिला. एकशे दोन.

गेल्या महिन्यात घाटात कुठेशी लाइन फुटली.
नळ आले नाहीत. एक वार चुकला, दुसरा चुकला.
टँकरमागे गल्ली पळत होती.
सासरे रात्री झोपेनात,
म्हणे खाली फार शांत आहे.
संध्याकाळी शेजारच्या खंडेलवालबाई
रिकामी कळशी पदराआड धरून दारात उभ्या,
मागायचं कसं ते सुचेना.
सासूबाई आत गेल्या,
कॉटखालून झाकलेला हंडा ओढत आणला.
मला माहीतच नव्हता तो.
"शिळं आहे हो," त्या म्हणाल्या,
आणि कळशी काठोकाठ भरली.

सहाव्या पहाटे नळ खोकला.
सासरे उठून बसले. "चढलं," म्हणाले.

सासूबाईंनी सवयीनं उरलेला हंडा उचलला,
मोरीपर्यंत नेला.
तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या.
मग परत ओट्याशी आल्या,
त्याच पाण्याचा चहा टाकला,
आणि माझ्याकडे न बघता
पातेल्यावर झाकण ठेवलं.