फेटलिंग

बागल चौकातल्या डीटीपीवाल्यानं
मागच्या बॅचच्या कुणा सुमेध चौगल्याची फाईल उघडली.
म्हणाला, नाव तेवढं बदला,
बाकी सगळ्यांचं एकच असतंय.

बदललं. वृषाली तानाजी टिपुगडे.
डिप्लोमा, मेकॅनिकल, एकाहत्तर टक्के.
खाली सुमेधचंच राहिलं सगळं, गुळगुळीत इंग्रजीत :
मेहनती, प्रामाणिक, चारचौघांत मिसळणारा,
आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची तीव्र इच्छा,
छंद : पोहणे, प्रवास, तिकिटं जमवणे.
दीड पान. दहा रुपये.
मला पोहता येत नाही.
रंकाळ्याच्या पायरीवर बसून पाय वर घेणारी मी.

रात्री पप्पा सेकंड शिफ्टहून आले.
शिरोलीच्या फौंड्रीत बावीस वर्षं फेटलिंगला :
नग साच्यातून निघाला की
त्याला चिकटलेलं, फुटलेलं, उगाच वाढलेलं
ग्राइंडरनं काढून टाकायचं.
हात धुतले तरी नखांत काळं राहतं.
म्हणाले, वाच. मराठीत वाच.

मेहनती, मी वाचलं.
"किती?"
किती म्हणजे?
"किती किलो? नगावर वजन लिवतोय आम्ही.
ह्याच्यावर काय लिवलंयस?"

मी गप्प.

"आणि उन्हाळ्यात उद्यमनगरात जात हुतीस, ते कुठाय?"
ते काय लिहायचं, पप्पा.
ते नुसतं बसणं होतं,
शेडच्या कोपऱ्यात, मोडक्या स्टुलावर,
किती ओतले, किती भंगारात गेले, वहीत रेघा मारत.
तिसऱ्या आठवड्यात एवढंच दिसलं
की भोकं पडलेले नग मंगळवारी सकाळचेच.
सोमवारी कारखाना बंद,
शेजारचं गाड्या धुवायचं दुकान चालू,
भिंतीखालून पाणी येऊन वाळू ओली.
वाळूचा ढीग चार फूट अलीकडं ओढायला लावला.
शंभरात नऊ नग जायचे, ते चारावर आले.
मालकांनी शेवटच्या दिवशी मला कॅलेंडर दिलं.
जून महिन्यात.

पप्पा जेवता जेवता थांबले.
"हे लिव," म्हणाले. "नऊ आणि चार. आकडे लिव."

मग पेन्सिल घेऊन बसलो दोघं.
मेहनती गेलं.
प्रामाणिक गेलं, ते मालकानं म्हणायचं असतंय.
मिसळणारा गेला, त्याची इच्छाही गेली,
सुमेधची तिकिटं गेली.
उरलं पाऊण पान. मला उघडंच वाटलं.

"आणि पाच वर्षांनी कुठं असणार, इचारत्यात म्हणं?"
आधी कागलला, क्वालिटीत. दोन वर्षं.
मग नोकरी करत डिग्री.
मग बघू.
'मग बघू' लिहिता येत नाही ना, पप्पा?
त्यांनी ताक संपवलं. म्हणाले,
"लाकडाचा पॅटर्न नगापरास जरा मोठाच करत्यात.
लोखंड थंड हुताना आकसतंय."
आणि झोपायला गेले.
मी 'क्वालिटीत' खोडून 'क्वालिटी हेड' लिहिलं,
लाजले, तसंच ठेवलं.

प्लेसमेंटच्या सरांनी बजावलं होतं :
मुलाखतीत 'मी येतो, मी जातो' करू नका.
'येते' म्हणा, 'जाते' म्हणा. पुण्याची माणसं हसतात.
कागलच्या बसमध्ये पाठ करत गेले.
येते, जाते, करते, बघते.

टेबलापलीकडच्या माणसानं
चष्मा कपाळावर ढकलून पान वाचलं,
उलटलं. मागं कोरं होतं.
परत पुढं आला, नऊ आणि चारवर बोट ठेवलं.
"वाळू अलीकडं ओढा, असं तिथं कोण म्हणालं?"

"मीच म्हणालो," मी म्हणालो.

तो हसला नाही.
खिशातलं पेन काढलं,
त्या ओळीखाली रेघ मारली,
आणि विचारलं, चारच का? शून्य का नाही?