तलाठी

त्याचं नाव तलाठी.
जिथं जाईल तिथं शिक्का मारून येतो, म्हणून.

आषाढात मी गोडेतेलात गेरू कालवते
आणि त्याच्या छातीला फासते,
पुढच्या दोन पायांच्या मधोमध, दाट.
रात्रभर तो कळपात.
पहाटे मोबाईलची बत्ती घेऊन वाघुरीत शिरते,
कोणाकोणाच्या पाठीवर लाल उमटलंय ते बघत.
कानकापी. भुरी. दोन दातांची लंगडी.
पोरीच्या जुन्या वहीत, भूमितीच्या पाठीमागं,
तारीख पडते.

सतरा दिवसांनी गेरूऐवजी नीळ.
लालावर निळं चढलं
तर समजायचं पहिला फेरा वाया गेला.
ओट्यावरून सासरे म्हणायचे,
"एवढं कायले लिवतं वं?
मेंढीले मालूम, मेंढ्याले मालूम,
मंधात वही कायले?"

वजन मात्र कोणालाच मालूम नव्हतं.
मला ते पाहिजे होतं.
अंगणवाडीनं मोडीत काढलेला टांगता काटा
सुलभाताईंनी दिला, आकडा गंजका, तबकडी चांगली.
माझा सुजल याच काट्याला लोंबकळला होता,
सहा महिने पिवळ्या पट्टीत.
आता हिवराच्या फांदीला तो बांधून
लुगड्याच्या झोळीत कोकरू घालते.
ते पाय झाडतं, काटा नाचतो,
दम धरावा लागतो दोघांनाही.
अडीच.
तीन.
तीन-दोनशे.
कोकराला हिरवी-पिवळी पट्टी नसते.
त्याला एकच रेघ: चैत्रात पंचवीस.

तलाठ्याची पोरं ती रेघ गाठतात.
दारव्ह्याचे रहेमतभाई कमरेवर बोटं दाबून बघतात,
मणक्याच्या कडेला मांस किती बसलंय ते,
डोळे मिटून, वैद्यानं नाडी बघावी तसं.
"तुमच्या नराचं हाड रुंद आहे," म्हणतात.
एवढीच तारीफ. तीही भावात धरलेली.
टेम्पो वळणावर गेला की
मी झोळी धुऊन वाळत घालते.

तलाठी स्वतः कधी काट्यावर चढला नाही.
त्याचं माप वेगळं,
शिंप्याच्या फितीनं, मागून.
नवरा शिंगं धरतो आणि तोंड फिरवतो,
मी मोजते. बत्तीस सेंटिमीटर.
"हे कायचं माप वं आई?"
"त्याच्या नोकरीचं."

तिसऱ्या आषाढात गेरू फासून झाला होता.
तारखा टाकायला वही काढली
आणि मागची पानं उलटली.
कानकापीची लेक यंदा वयात आली.
भुरीची. लंगडीच्या दोन्ही.
बाप: तलाठी, तलाठी, तलाठी, तलाठी.

त्या रात्री त्याला खुंट्याला ठेवला.
त्यानं दाव्याला हिसके दिले, ओरडला,
वाघुरीतून उत्तरंही आली.
मेंढीला बाप मालूम नसतो, मेंढ्याला लेक.
वहीला असतो.
सकाळी हे सासऱ्यांना सांगितलं.
"हं," म्हणाले,
आणि पहिल्यांदा वही हातात घेतली,
उलटी.

रहेमतभाईंनी त्याला डोळ्यांनीच तोललं होतं, बासष्ट किलो.
बोली वाईट नव्हती.
पण अडाणपल्याड आत्माराम हाक्याचंही हेच दुखणं,
त्याच्याही नराच्या लेकी वयात आलेल्या.
नरास नर ठरलं. रुपया नाही, चहा तेवढा.

नदीला मांडीभर पाणी.
तलाठी आधी अडला, मग उतरला.
छातीचा गेरू तेलासकट सुटत गेला,
चार हात पाणी लाल,
पुढं नेहमीचं, गढूळ.
पलीकडच्या कळपाचा वास लागला तसा
त्यानं मागं पाहिलं नाही. पाहील कशाला?

येताना दाव्याला नवा होता.
काळ्या तोंडाचा, बिननावाचा,
दर दहा पावलांवर अडून बसणारा.
अंगणात आणला, फीत काढली.
चौतीस.

या खेपी नवऱ्यानं तोंड फिरवलं नाही.
"बरोबर मोजलं ना?" म्हणाला,
"पुन्हा मोज."